रविवारची शिट्टी

आफ्रिकेतल्या ज्या ज्या विमानतळावर आमच्या घरमालकांचं वाजतगाजत स्वागत झालं, त्या त्या विमानतळावरून त्यांची गुपचूप पाठवणीही झाली. तरी इतका यशस्वी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ या गावात आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. आमच्या वरच्या मजल्यावरचे हे जर्मन गृहस्थ मात्र उभं आयुष्य आफ्रिकन देशांचे फुटबॉल संघ घडवत हिंडले. संघ घडला की यांना नारळ मिळायचा. एकदा स्टेडियमला जाणारी बस त्यांनी ठरल्या मिनिटाला सोडली आणि फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष हॉटेलच्या दारात कॉफीचा कप धरून उभेच राहिले. मॅच जिंकली, नोकरी गेली. "पण बस वेळेवर सुटली ना?" असं ते अजूनही छाती फुगवून विचारतात.

हीच शिस्त घरात. रविवारी जर्मनीत आवाज करायचा नाही, त्याला रूहेत्साइट म्हणतात. त्याचं नियमपत्रक जिन्यात त्यांनीच लावलेलं. आमच्या कुकरची शिट्टी झाली रे झाली की वरून काठी आपटायची. आणि थोड्या वेळानं काठीचे मालकच खाली येऊन आमच्याकडे वरणभात चापायचे. जेवता जेवता बायकोचा मिसळणाचा डबा पुढे ओढून डावपेच समजावायचे: मोहरी बचावाला, हळद मधल्या फळीत, लाल तिखट आघाडीला. "तिखट शेवटी घालायचं, समोरचे दमल्यावर," ते बजावत.

"आमच्यात ते फोडणीतच जातं," बायको म्हणे.

"गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणूनच तुमची आमटी पहिल्या हाफमध्ये संपते!"

जर्मनीतल्या एकाही क्लबनं त्यांना कधी बोलावलं नव्हतं. हे दुःख ते बोलून दाखवत नसत, पण टीव्हीवर इथली मॅच लागली की उठून बागेत जात. सत्तरी उलटल्यावर, गेल्या वर्षी, आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या देशाचा फोन आला. त्या देशाचा संघ खंडाच्या मोठ्या स्पर्धेत कधीच पोचला नव्हता. उरलेली एक मॅच जिंकली तर पोचणार होता. "हरलो, तर उरलेला जन्म गवत कापत बसेन," ते जाताना म्हणाले. चेष्टा करत नव्हते.

मॅच नेमकी रविवारी दुपारी. एकटीला बघवेना म्हणून घरमालकीणबाई खाली आमच्याकडे आल्या आणि लॅपटॉपसमोर पदराऐवजी शाल चावत बसल्या. बरोबरी काही सुटेना. खेळ संपत आला तेव्हा घरमालकांनी एका किडकिडीत पोऱ्याला मैदानात सोडलं. "तिखट!" बायको पुटपुटली. तिखटानं चेंडू सरळ जाळ्यात नेऊन घातला.

आम्ही तिघं पायमोज्यांवर नाचलो, पण तोंडावर हात दाबून. रविवार होता ना! तेवढ्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. खेळाडूंच्या खांद्यांवर बसलेले, डोळ्यांत पाणी, मागे सगळा देश ओरडत होता.

"तुमच्याकडे एवढी सामसूम का?"

"आज रविवार आहे," मी कुजबुजलो.

"रविवार गेला खड्ड्यात! कुकर लावा!"

बायकोनं धावत जाऊन वरण चढवलं. शिट्ट्यांवर शिट्ट्या. समोरचे आजोबा खिडकीतून "रूहेत्साइट!" म्हणून ओरडले. "नियम माझ्याच नवऱ्याचा आहे," घरमालकीणबाई त्याहून मोठ्यानं ओरडल्या, "आणि आज तो जिंकलाय!"

त्या देशानं आता त्यांना सोडायचंच नाही असं ठरवलंय. निरोपाचा नारळ पहिल्यांदाच चुकला. बाईही तिकडे गेल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावाचून करमत नाही. नियमपत्रक जिन्यात अजून तसंच आहे. रविवारी कुकरची शिट्टी झाली की आम्ही दोघं हातातलं काम थांबवून छताकडे बघतो. काठी काही वाजत नाही. मग बायको मुद्दाम आणखी एक शिट्टी होऊ देते.