वाटूर ते वडीगोद्री : एका रिक्त रकान्याचा पाठलाग

गेली पंचवीस वर्षे अस्मादिक बालकांच्या साथरोगांवर संशोधन करीत आहेत. विद्वत्सभांत आमच्या मताला मान आहे. भोजनोत्तर सत्रात तर निद्रिस्त श्रोतेही प्रतिवाद करीत नाहीत. अशा या पंडिताच्या तक्त्यात वाटूरच्या दहा महिन्यांच्या एका कन्येपुढे गोवराच्या लशीचा रकाना रिक्त होता. शेजारच्या वस्तीत गोवराचे दोन रुग्ण निघाले, आणि आम्ही पिशवी भरली.

संभाजीनगरहून सकाळच्या गाडीने परतूर गाठावे. तिथून वाटूरला सामायिक रिक्षा मिळते. ती भरल्याखेरीज हलत नाही, आणि ‘भरली’ या शब्दाची चालकाची व्याख्या आपल्याहून उदार असते. फाट्यावरची भजी गरम असतील तरच घ्यावीत. आम्ही थंड घेतली.

गावच्या आशा कार्यकर्त्या शोभाताई आम्हांस त्या घरी घेऊन गेल्या. कन्येची आजी ओट्यावर तूर निवडत होती.

“सून माहेरी हाय, वडीगोद्रीला. भावाचं लगीन हाय तिच्या. पोरीला सुया कवाच झाल्या, तिकडंच.”

सुनेला फोन लावला. तीही म्हणाली, “झाल्या की.” कार्ड मात्र लग्नाच्या सामानात कुठेतरी होते. आम्ही प्रसन्नचित्ते लेखणी उचलली. शोभाताईंनी कागदावर पंजा ठेवला.

“साहेब, कार्ड पाह्यलं का?”

“प्रत्यक्ष आजी सांगताहेत.”

“मला बी महिन्यापास्नं सांगून राह्यल्या. म्हणून तर खाना कोरा ठिवला. पैलं बाळंतपण माहेरी, मंग पोर कधी इकडं, कधी तिकडं. तुमच्या फारमात माहेराचा खाना न्हाई का?”

आमच्या प्रपत्रात त्र्याऐंशी रकाने आहेत. घरातील कोंबड्यांचाही आहे. माहेराचा नव्हता.

परतूरला लॉजवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी एसटीने, जालन्यास गाडी बदलून, वडीगोद्री गाठले. (अर्धा दिवस धरावा, लॉजसह सारा प्रवास हजार-बाराशेत होतो.) दारी मांडव पडला होता. कन्येची आई कविता हिने शालूंच्या पेटीच्या तळातून कार्ड काढले. पहिल्या तीन भेटींच्या नोंदी होत्या. नवव्या महिन्याची जागा कोरी.

“तीन बारी सुई झाली, मला वाटलं झालं बराबर,” कविता पुटपुटली.

तिथल्या आशा कार्यकर्त्या म्हणाल्या, “आमाला वाटलं, सासरी दिली आसंल.”

दोन्ही गावे एकमेकांवर निर्धास्त होती. बाळ मध्ये होते.

त्या दिवशी उपकेंद्रात लसीकरण होते. नवरदेव मामा मात्र आडवा आला. “उद्या लगीन हाय. पोर किरकिर करंल. नंतर देऊ की.”

उद्या त्या मांडवात चार गावांची पोरे जमणार होती. आम्ही घसा खाकरून ‘रोगप्रतिबंधाची निकड’ या विषयास आरंभ केला. दुसऱ्या वाक्यापर्यंत कविताने बाळ कडेवर घेतले होते.

“दादा, वाजा लागल्यावर बी रडंलच की ती. बाजूला व्हय.”

परिचारिकेने लस टोचली, कार्डावर नोंद केली. लस लगेच लागू पडत नाही, तेव्हा लग्नात ताप आलेल्या पोरांपासून बाळाला दूर ठेवा, एवढेच आम्ही सांगितले. ते ऐकले गेले, कारण ते एका वाक्यात संपले.

घरी परतलो तो मोसंबीच्या पिशवीसह. मोसंबी दोन दिवसांत संपली. उरला तो चौऱ्याऐंशीवा रकाना : ‘बाळ सध्या कोठे आहे?’ आमच्या कारकिर्दीतला हा एकच प्रश्न दुसऱ्या कुणी सुचवलेला, आणि तोच सर्वोत्तम आहे.

शोभाताईंना फोन करून लस दिल्याचे कळवले. आम्ही स्वतः पाहिले, असेही गंभीरपणे सांगितले.

“आजी बी हेच म्हणत व्हत्या,” त्या म्हणाल्या. “कार्डाचा फोटो धाडा.”

धाडला.