डब्यांच्या रांगेत गाडी

पासलीच्या पिठाच्या गिरणीत माझी विजेवरची गाडी चार्जिंगला लागली ती गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

गाडीत नऊ टक्के चार्ज होता. मागच्या सीटवर आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला दुपारी दोनच्या आत पुण्यात दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. उशीर झाल्यास तारीख पुढे जाईल, असं तिच्या कागदावर छापलेलं होतं. ही तारीख तिला तिसऱ्यांदा मिळाली होती. तोवर डाव्या डोळ्याने दिसणं जवळजवळ थांबलं होतं.

आदल्या दिवशी मी पुण्याहून निघून भोरमधलं काम उरकलं आणि वेल्ह्याकडे वळलो. मोबाईलच्या नकाशावर वाटेत दोन चार्जिंग पॉइंट होते. भोरचा एका हॉटेलच्या आवारात होता. हॉटेल सोमवारी बंद असतं, फाटकालाही कुलूप असतं. वेल्ह्याचं यंत्र जागेवर होतं. त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण विजेचं कनेक्शन यायचं होतं. नकाशावर दोन्हींपुढे ‘उपलब्ध’ लिहिलेलं होतं.

रात्री पासलीत आत्याच्या घरी केबल लावली तर चार्जरवर लाल दिवा लागला. घराला अर्थिंग नव्हतं, आणि अर्थिंगशिवाय हा चार्जर वीज घेत नाही.

“इतकी वर्सं बिनअर्थिंगचं घर चाललं,” आत्या म्हणाली, “आन् ह्या गाडीला लाड.”

सकाळी सातची जीप भरून गेली होती. एसटी बाराला होती, तिने दोनच्या आत पुणं गाठता आलं नसतं. गावात पक्कं अर्थिंग फक्त गिरणीला होतं.

गिरणीवाल्या काकांनी प्लग दिला. दिवा लालच राहिला. त्यांनी भिंतीजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मूठभर मीठ टाकलं आणि दोन बादल्या पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. मग त्यांनी दळण सुरू केलं, तेव्हा दिवा पुन्हा लाल झाला. गिरणी चालली की व्होल्टेज पडत होतं. दळण किंवा गाडी, दोन्हींतलं एकच होणार होतं.

दारात दळणाचे सहा डबे रांगेत होते. पहिला आत्याचा. ऑपरेशननंतर महिनाभर चुलीपुढे जायचं नाही म्हणून तिला सुनेसाठी पीठ करून ठेवायचं होतं. तो डबा तिने आदल्या संध्याकाळीच आणून ठेवला होता.

“माजा डबा मागं घ्या,” ती म्हणाली. “माज्या नंबराला गाडी लावा.”

दुसऱ्या डब्याच्या बाईंनी मला विचारलं, “डब्याला धा मिन्टं लागत्यात. ह्या डब्याला किती?”

“दीड तास.”

“लईच बारीक दळण हाय.”

“आगं, आक्काचा डोळा हाय,” काका म्हणाले.

“म्या न्हाई कुठं म्हनलं? इचारलं फक्त.”

काकांनी गिरणी बंद केली. आत्याने खाली उतरून आपला डबा उचलला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. बायका ओट्यावर बसल्या. पुढचा दीड तास पासलीत दळण झालं नाही. दहा चाळीसला चोवीस टक्के झाले आणि आम्ही निघालो.

हायवेच्या चार्जरवर पोचलो तेव्हा बारा टक्के उरले होते. आमच्या पुढे एक गाडी होती.

“हितं डबा ठेवत्यात का?” आत्याने विचारलं.

वीस मिनिटांनी आमचा नंबर लागला. चार्जिंग होईपर्यंत तिने गिरणीत फोन लावला आणि आपल्या डब्याचं काय झालं ते विचारलं.

“गाडी हालली आन् पयला तुमचाच घातला, आक्का,” काका म्हणाले. “बायांनीच फुडं सरकावला.”

“मी शेवटाला ठिवलावता,” आत्या म्हणाली आणि फोन बंद केला.

एक वाजून पन्नास मिनिटांनी दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहिलं गेलं.