कोपऱ्याची इमारत

मोहिते साहेब कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की सरळ पुढच्या दाराने आत शिरत नसत. आधी घराला वळसा घालून मागे जात. मागची मोरी, पाण्याचे पाइप, स्वयंपाकघराची खिडकी, वाळत घातलेले कपडे, सगळं डोळ्यांखालून घालत आणि मगच पुढे येऊन बेल वाजवत. आमच्याकडे आले त्या दिवशी सासूबाईंनी गॅलरीतून पाहिलं आणि ओरडल्या, "अगं शुभा, मागे कुणी म्हातारा घुटमळतोय, दार लाव आधी!" मी दार लावायला गेले तर साहेब हसत पायरीवर उभे. "पुढून सगळेच नटलेले असतात हो," म्हणाले, "घर मागून बघावं." सासूबाईंनी चहा दिला त्यांना, पण मागच्या दोरीवर फाटका टॉवेल टाकणं त्या दिवसापासून बंद केलं.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी साहेब गेले. त्यांची सगळी नोकरी बडोद्यातच, नगररचना खात्यात नकाशे काढण्यात आणि तपासण्यात गेली होती. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे मिशा तेवढ्या फौजी. बाकी माणूस पट्टी-पेन्सिलीचा. पाणीगेटच्या बाहेर एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ते आणि सुनंदाकाकू राहत. मुलगी लग्न होऊन इंदूरला. "जन्मभर दुसऱ्यांची घरं पास केली, मास्तरीणबाई," ते मला म्हणत, "स्वतः एक वीट रचली नाही." मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मी मास्तरीणबाई.

आमची ओळख झाली ती खेळण्यांच्या दुकानात. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी बांधायच्या इमारती असतात ना, एकावर एक टक्‌कन बसणारे ठोकळे, त्यांचा मला नाद. पण चाळिशीतल्या बाईने तो नाद सांगायचा कुणाला? काउंटरवरच्या मुलीला मी नेहमीप्रमाणे सांगत होते, "भाच्यासाठी हवंय, वाढदिवस आहे त्याचा." मागून आवाज आला, "भाचा अठराच्या वरचा आहे का? खोक्यावर अठरा प्लस लिहिलंय." मी वळून बघितलं तर मिशा. मी काही बोलणार तेवढ्यात तेच म्हणाले, "लाजू नका. सुरुवातीला माझाही भाचा होता. मग एक दिवस बायकोने विचारलं, अहो, तुम्हाला बहीण कुठे आहे?"

परदेशातली ती कंपनी मोठ्या माणसांसाठी दर वर्षी एक इमारत काढते. बेकरी, हॉटेल, बंबखाना, पुस्तकांचं दुकान, असं काहीबाही. शेजारी शेजारी ठेवत गेलं की गावातला रस्ता तयार होतो. एखादी इमारत काढायची बंद केली की संपलं, मग ती मिळणं मुश्कील. म्हणून जगभरातली आमच्यासारखी खुळी माणसं वर्षभर एकच विचार करत बसतात, पुढची कुठली येणार? आणि आपल्या हातात काय, तर काहीच नाही. कंपनी काढेल तेव्हा काढेल, देईल ते घ्यायचं.

साहेबांचा रस्ता त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका लांबलचक टेबलावर होता. नवीन इमारत आली की तिचं खोकं ते लगेच फोडत नसत. आधी कंपनीच्या साइटवरून जोडणीची पुस्तिका उतरवून घेत आणि चष्मा लावून पंधरा दिवस वाचत, जणू कुणी बिल्डरने फाइल सादर केलीय. "जिना बघा, माणूस चढेल का हा? नापास! संडास कुठाय? चार मजले आणि संडास नाही! लोकांनी जायचं कुठे?" शेवटी एखाद्या सकाळी अंघोळ करून येत आणि जाहीर करत, "चला, रजाचिठ्ठी दिली." बांधकामाच्या परवानगीला आमच्या बडोद्यात रजाचिठ्ठी म्हणतात. मग ते सुरी घेऊन खोक्याचं सील हलकेच कापत, पुठ्ठ्याला ओरखडा न येऊ देता. रिकामी खोकी टाकायची नाहीत, हा दुसरा नियम. सगळा माळा खोक्यांनी भरला होता आणि काकूंच्या गाद्या-रजया बिचाऱ्या शेजारणीकडे ठेवायला दिल्या होत्या.

आमचा तिसरा गडी हार्दिकभाई. मांडवीला त्याचं इमिटेशन ज्वेलरीचं दुकान. रविवारी सकाळी तो सेव-उसळ घेऊन यायचा आणि आम्ही तिघं फोनमध्ये डोकी घालून बसायचो. कुणी कुठे काय ऐकलं, पुढच्या इमारतीचा फोटो कुठे फुटला. काकू म्हणायच्या, "अगदी बारावीचा निकाल लागणार असल्यासारखे बसता हो तुम्ही!" साहेबांचं मागणं एकच होतं. त्यांच्या रस्त्याच्या डाव्या टोकाला जागा रिकामी होती. तिथे कोपऱ्याची इमारत हवी होती, दोन्ही बाजूंना तोंड असलेली. जुनी कोपऱ्याची इमारत कधीच बंद झाली होती आणि नवीन काही येत नव्हती. काकूंनी त्या जागेवर एकदा फुलदाणी ठेवली, तर साहेबांनी तासाभरात उचलली. "हे अतिक्रमण आहे," म्हणाले. "कोपरा नसेल तर रस्ता वळणार कसा, सुनंदा? नुसता भिंतीवर आपटतोय तो."

मग साहेबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीत चहा सांडायचा, मग सही वेडीवाकडी यायला लागली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही, असंही सांगितलं. साहेब ते ऐकून घरी आले आणि टेबलाच्या डाव्या टोकाशी बराच वेळ उभे राहिले. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, देवाकडे कधी काही मागितलं नाही. आता कंपनीकडे मागतोय. दोघंही सारखेच, पत्ता नाही की उत्तर नाही." ते हसले, पण मला हसू आलं नाही. ज्याला चिमटीत मुगाच्या डाळीएवढा ठोकळा धरायचाय त्याच्या बोटांनाच हे व्हावं याचा मला राग आला होता, आणि तो काढायचा कुणावर ते कळत नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मात्र कंपनीने ऐकलं. नवीन इमारत जाहीर झाली आणि ती कोपऱ्याची होती! खाली किराण्याचं दुकान, वर भाडेकरू, गच्चीवर पाण्याची टाकी. हार्दिकने दुकानातूनच फोन केला, "साहेब, आवी गई! कॉर्नर छे, कॉर्नर!" साहेबांनी पुस्तिका या वेळी दोन दिवसांत वाचली आणि मागच्या बाजूला कपडे वाळत घालायची दोरी दाखवलेली पाहून त्यांचे डोळे भरून आले. "पहिल्यांदा कुणीतरी माणसं राहतात हे ओळखलंय," म्हणाले. रजाचिठ्ठी त्याच दुपारी मिळाली. फक्त भारतात इमारत कधी मिळणार ते कंपनी सांगत नव्हती. साइटवर "लवकरच" एवढंच लिहिलेलं असायचं. रोज सकाळी साहेब ते उघडून बघत आणि रोज तेच.

हार्दिकचा चुलतभाऊ जिग्नेश अमेरिकेहून उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, येणार होता. तिकडे इमारत दुकानात आली होती. हार्दिकने सांगितलं आणि त्याने घेऊनही ठेवली. पण अर्ध्या पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, लोकांनी त्याला बदाम, विटॅमिनच्या गोळ्या, परफ्यूम आणायला सांगितलेले. खोकं बॅगेत बसेना. जिग्नेश म्हणाला, खोकं फोडतो, आतल्या पिशव्या कपड्यांत घालून आणतो. ठोकळ्यांना काय होणार आहे? हार्दिक ही आनंदाची बातमी घेऊन आला तर साहेबांचा चेहरा उतरला.

"सील फोडून?"

"साहेब, खोखुं तो छेवटे माळिया पर ज जवानुं ने!" हार्दिक म्हणाला. खोकं शेवटी माळ्यावरच जायचं ना, असं त्याचं म्हणणं.

"नाही. दुसऱ्याने उघडलेलं मला नको. नव्या घरात पहिलं पाऊल आपलं पडायला हवं."

काकू स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "अहो, हात चालतायत तोवर बांधून घ्या ना! खोकं काय डोक्यावर घेऊन नाचायचंय? इमारत हवी की पुठ्ठा हवा तुम्हाला?" साहेब ऐकेनात. "सीलबंदच येऊ दे. लवकरच म्हणतायत ना, येईल," एवढंच त्यांचं. मीही समजवायला गेले, पण माझ्या आवाजात जोर नव्हता. माझ्याही घरी पलंगाखाली रिकामी खोकी आहेत. आमच्या जातीच्या माणसाला सील म्हणजे काय हे काकूंना कसं सांगणार? जिग्नेश आला, पतंग उडवले, उंधियू खाल्लं आणि गेला. इमारत तिकडेच त्याच्या गॅरेजमध्ये राहिली.

फेब्रुवारीत साहेब बाथरूममध्ये पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ झाली होती आणि डावा हातही कापायला लागला होता. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, ती त्यांना रबराचा चेंडू दाबायला लावायची. साहेब मुकाट्याने दाबायचे. त्यांचा आवाजही बारीक होत गेला, फोनवर तर कळेनासाच झाला. "लवकरच" अजून तसंच होतं.

ऐन उन्हाळ्यात कोपऱ्याची इमारत भारतात आली. दुकानदाराने आपल्या माणसाबरोबर घरी पाठवली. सीलबंद, एकही कोपरा दबलेला नाही. साहेबांनी खोक्यावरून तळहात फिरवला, चारही बाजूंनी बघितलं. सुरी काकूंनी धरली, त्यांच्या हातावर साहेबांनी आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून सील कापलं. पहिल्या पिशवीतला पहिला ठोकळा उचलायचा साहेब प्रयत्न करत होते आणि तो सारखा निसटत होता. ताटलीत, मांडीवर, मग टेबलाखाली. हार्दिक वाकून वाकून शोधून देत होता आणि काहीतरी विनोद करत होता. एकदाचा तो जागेवर आला, तर दाबायला बोटात जोर नाही. साहेबांनी अंगठ्याने, मग मुठीने दाबून बघितलं. आमच्यापैकी कुणालाच कुठे बघावं ते सुचेना. मला नुसतं ओरडावंसं वाटत होतं.

"तुम्ही बांधा, मास्तरीणबाई," ते शेवटी म्हणाले. "मी देखरेख करतो. नोकरीत तेच केलंय." मी बांधायला घेतली. ते पुस्तिका न बघता सांगत होते, आता तपकिरी, आता खिडकीची चौकट, उलटी लावलीत, फिरवा. किराण्याचं दुकान उभं राहिलं. टक्, टक्, टक्. साहेबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. तर हळूच म्हणाले, "बस करा." मी विचारलं, काही चुकलं का? "काही चुकलं नाही. चांगलं बांधताय. पण ही तुमची होतेय." मी हात आवरला. पुढचे कित्येक रविवार ती इमारत तशीच एक मजल्याची उभी होती. काकू तिच्यावरची धूळ कुंचल्याने झाडायच्या, बाकी कुणी हात लावला नाही. हार्दिक आणि मी जायचो, सेव-उसळ खायचो, हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचो.

डिसेंबरात पुढच्या वर्षीची इमारत जाहीर झाली. हार्दिकने सवयीने फोटो आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच घाबरून मला फोन केला, "शुभाबेन, भूल थई गई मारी. डिलीट करूं?" आम्ही बोलतोय तोवर साहेबांनी फोटो बघितला होता. हार्दिकचा फोन ठेवते न ठेवते तोच काकूंचा आला. साहेब शेजारीच असावेत, कारण त्या थांबून थांबून बोलत होत्या.

"शुभा, हे विचारतायत, ही आपल्याकडे कधी येणार?"

"लवकरच लिहिलंय, काकू."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. "म्हणतायत, तेवढं थांबायला नको. हार्दिकच्या भावाला सांगा." पुन्हा कुजबुज. "म्हणतायत, खोकं टाकून दिलं तरी चालेल. कपड्यांत गुंडाळून आणा, सुटे ठोकळे आणलेत तरी चालतील. फक्त उत्तरायणाला आणा."

जिग्नेश त्या वर्षी येणार नव्हता. त्याची रजा मंजूर झाली नव्हती, हे हार्दिकने मला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं.

"हो काकू," मी म्हटलं, "सांगते."

फोन चालूच होता. काकू आत वळून मोठ्याने, सावकाश बोलल्या, "सांगते म्हणाली हो ती."