भडगाव ते बेनिन: एका अर्जाचे किस्से

आमच्या विद्यापीठाच्या गेटबाहेर चहाची एक टपरी आहे. पीएचडी करणारी पोरं तिथे बसतात आणि बातमी हुंगत मीही बसतो. तीस वर्षांच्या पत्रकारितेत एक गोष्ट पक्की कळली: सरकारी टेबलावर अर्ज जितका जास्त दिवस पडून राहतो, तितके त्याचे किस्से वाढतात!

आमच्या रोहिणीच्या अर्जाचंच घ्या. ही भडगाव तालुक्यातली शेतकऱ्याची पोर. विषय: गिरणाकाठच्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशातल्या कापूस वेचणाऱ्या बायका. तिकडे सहा महिने राहण्यासाठी तिला संशोधन अनुदान हवं होतं. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे हा शेवटचा अर्ज.

*

पहिली पायरी म्हणजे इथलीच समिती. एक ज्येष्ठ प्राध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "कापूस बघायला आफ्रिका कशाला? एरंडोलला एसटी जाते की!"

रोहिणीने शांतपणे विचारलं, "सर, आपली पीएचडी कशावर?"

"इंग्लंडमधल्या खेड्यांवर."

"मग तुम्ही किती दिवस राहिलात तिथे?"

"जायची गरजच पडली नाही!"

"सर, म्हणूनच मी जाऊन येते म्हणते."

समितीने अर्ज पुढे पाठवला. बहुतेक सरांच्या पीएचडीचा विषय तिथेच थांबवण्यासाठी!

*

मग पासपोर्ट. चौकशीला पोलीस आला तो साध्या कपड्यात, मोटारसायकलवर. शेजारच्या अक्कांना विचारू लागला, "रोहिणी कशी मुलगी आहे? घरचे लोक कसे?"

अनोळखी माणूस, हातात कागद, लग्नाच्या वयाची पोर. अक्कांनी काय ते ओळखलं! त्याला ओट्यावर बसवून गरम पोळ्या वाढल्या. वर तूप.

"पोर लाखमां एक शे, भाऊ! सैपाकले एक नंबर."

"कुणाशी भांडणतंटा?"

"भांडन? तिले तर मोठ्यानं बोलताबी येस नही!"

हे त्या रोहिणीबद्दल, जिच्या आवाजाने आमच्या टपरीवरचे पेले हलतात! पोलिसाने सगळं लिहून घेतलं, हात धुतला आणि म्हणाला, "चला, पासपोर्टचं काम झालं."

अक्का उडाल्याच. "पासपोर्टनं काम व्हतं तर आधी सांगता ना, भाऊ! इतलं तूप वाया गयं!"

*

बेनिनच्या प्राध्यापकांचं निमंत्रण ईमेलवर आलं. विद्यापीठाच्या कार्यालयातल्या कारकुनाने त्याची छापील प्रत दोन बोटांत धरून परत दिली. "शिक्का कुठंय? गोल शिक्का नाही, तर हे पत्रच नाही."

रोहिणीने बिचकत तिकडे कळवलं. महिन्याभराने जाड पाकीट आलं. आत तेच पत्र, पण त्यावर पाच शिक्के! दोन गोल, दोन चौकोनी, एक लांबट. तीन सह्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षरं.

कारकून ते पत्र खिडकीच्या उजेडात नेऊन कितीतरी वेळ बघत राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका विद्यार्थिनीला खुर्ची दिली.

"ताई, याला म्हणतात ऑफिस! जाऊन या. आणि त्यांची पद्धत नीट बघून या."

*

तरीही फाइल तीन आठवडे एका कपाटात पडून. माझं डोकं फिरलं. 'आफ्रिकेच्या वाटेवर कपाट आडवं' असं शीर्षक देऊन मी त्या कार्यालयाला चांगलं झोडपलं. म्हटलं, आता खुलासा येईल, नोटीस येईल. मीही बाह्या सरसावून बसलो होतो.

काहीच आलं नाही. फाइल मात्र दुसऱ्या दिवशी दिल्लीला, अनुदान देणाऱ्यांकडे गेली. आणि 'विषयाची समाजाने घेतलेली दखल' या रकान्यात काय जोडलं होतं? माझ्या बातमीचं कात्रण!

अशा माणसांशी भांडायचं तरी कसं, सांगा!

*

शेवटी ऑनलाइन मुलाखत. रोहिणी गावी, घरातच लॅपटॉपसमोर. मागे आई तूर पाखडत बसलेली. "आई, तू अजिबात बोलू नको," असं दहा वेळा बजावलेलं.

पडद्यावर पाच तज्ज्ञ. अर्धा तास बरा गेला. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमची प्रश्नावली चांगली आहे. पण तुम्ही परक्या. त्या बायका तुमच्याशी बोलतील कशाला?"

रोहिणी अडखळली. पाठ केलेलं एकही उत्तर आठवेना.  एकाने घड्याळ बघितलं.

तेवढ्यात मागून सूप थांबलं.

"महिनाभर त्यास्नासंगे कापूस वेच. काहीच इचारू नको. मंग बाया सोताहून मनातलं बठ्ठं सांगतीन!"

"कोण बोललं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सॉरी मॅडम. माझी आई."

"काय म्हणाल्या त्या? शब्दशः सांगा."

रोहिणीने सांगितलं.  पाचही जण खाली मान घालून लिहीत होते. मग पडदा बंद.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अनुदान मंजूर. खाली एकच अट:

'पहिल्या महिन्यात संशोधकाने कोणालाही एकही प्रश्न विचारू नये.'