पिठाच्या चिमण्या

सिंधूबाईंनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी माझा कान धरला. डाव्या कानाची पाळी दोन बोटांत घेऊन हलकेच दाबली, मग तीच बोटं समोरच्या परातीतल्या गोळ्यावर दाबली आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ह्यो गोळा कुठं आन् तुझा कान कुठं! पीठ कसं, कानाच्या पाळीवानी मऊ पायजे. माझं मेलं जन्मात तसं व्हत न्हाई. तुला येतं का मळाया?"

मला येत होतं. मी पदर खोचला आणि खाली बसले. नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. पिंपरी पेंढारच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या एका जुन्या गोदामात बाईंनी बालवाडी काढली होती आणि मी माझ्या अस्मिताला सोडायला म्हणून गेले होते. सोडायला गेले ती तिथलीच झाले.

कानाची गोष्ट आधी सांगितली त्याला कारण आहे. आम्ही बौद्ध, आमची वस्ती ओढ्यापलीकडे. बाई गावातल्या मोठ्या घरच्या सून, द्राक्षबागवाल्या. त्या घरांतल्या बायका माझ्याशी गोड बोलायच्या, चहासुद्धा द्यायच्या, पण कप वेगळ्या कोनाड्यातला असायचा. आणि ही बाई सरळ माझा कान धरून मोकळी झाली होती. त्या दोन बोटांवर मी पुढची दीड-दोन वर्षं विश्वास टाकला.

बालवाडीत पीठ कुठून आलं, तर आधी बाईंनी नारायणगावच्या बाजारातून रंगीत माती आणली होती, पोरांना खेळायला. एका पोरीनं हिरवी माती पेढ्यासारखी मटकावली आणि रात्रभर ओकली. दुसऱ्या दिवशी तिची आई भांडायला आली. बाईंनी ती सगळी माती उकिरड्यावर फेकली आणि म्हणाल्या, "पोरं तोंडात घालणारच. ती काय आपलं ऐकून वाढत्यात? मग तोंडात घातलं तरी चालंल असंच खेळणं द्यावं."

तेव्हापासून कणीक सुरू झाली. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, तेलाचा हात. एका गोळ्यात हळद, एकात बिटाचा रस, एकात पालकाचा. पोरं हात धुऊन रांगेत बसायची आणि प्रत्येकाला एकेक गोळा मिळायचा. भाकरी करताना आई पिठाची चिमणी करून देते, ते प्रत्येक पोराला माहीत असतंच, म्हणून सुरुवात चिमणीनं व्हायची. मग कोणी लाल गोळ्यांचे टोमॅटो करायचं आणि लगेच लिलाव पुकारायचं. कोणी द्राक्षाचा घड करायचं. खोडदला, आकाशातलं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या छत्र्यांजवळ, मामाचं घर असलेला गणू दरवेळी वाटीएवढी छत्री करून आकाशाकडे तोंड करून ठेवायचा आणि "गप बसा, मला ऐकू येतंय" म्हणून सगळ्यांना दटावायचा.

बाई त्यांच्यात बसून पिठाची भाजी विकत घ्यायच्या, महाग दिलीस म्हणून भांडायच्या. त्यांच्या केसांत कायम पीठ असायचं. एखादं पोर आईसाठी रडायला लागलं की मी आपली समजूत घालायला जायची, तर बाई मागून ओरडायच्या, "रडणाऱ्याला शब्द नको, पीठ दे!" आणि खरंच, गोळा हातात आला की पोर हुंदके देत देत का होईना, थापायला लागायचं.

शनिवारी मोठा बेत असायचा. पोरांनी केलेल्या चिमण्या, टोमॅटो, छत्र्या सगळ्या उकळत्या वरणात जायच्या आणि त्यांची वरणफळं व्हायची. पोरं ती एकमेकांच्या ताटांतून उचलून खायची. "मी तुझी चिमणी खाल्ली" म्हणून ओरडाओरडा चालायचा.

या कामात आमची वाटणी ठरलेली होती. पीठ मी मळायचं आणि भांडी बाईंनी घासायची. हो, बाईंनीच. त्यांनी मळलेलं पीठ इतकं चिवट व्हायचं की वरणात पडलं तरी दाताला दाद देत नसे. त्या म्हणायच्या, "तुझ्या हाताला देवानं लोणी लावलंय. माझ्या हाताला राख बरी." आणि मागच्या मोरीत बसून त्या पातेलं घासायच्या, पोरांच्या ताटल्या घासायच्या, माझा चहाचा कपसुद्धा घासायच्या. मी पहिल्यांदा तो कप हिसकावून घेतला, तर हातावर चापट बसली. "मी घासला तर काय झिजंल का ह्यो?"

मी घरी जाऊन यजमानांना हे सांगितलं. ते आळेफाट्यावर जीप चालवायचे, रोज शंभर माणसं बघायचे. ते म्हणाले, "मागच्या मोरीत घासतात ना? पुढच्या दारात घासतील तेव्हा सांग." मला त्यांचा राग आला. माणसाचं मन मोठं असू नये का, म्हणून मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

गावात मात्र नाव बाईंचं झालं होतं. पोरं घरी जाऊन "बालवाडीसारखी फळं कर" म्हणून हट्ट करायची आणि त्यांच्या आया बाईंना वाटेत थांबवून म्हणायच्या, "बाई, तुमच्या हाताला लई चव!" बाई नुसत्या हसायच्या. मी शेजारीच उभी असायची. एकदा मी म्हटलं, "बाई, सांगा की त्यांना." तर म्हणाल्या, "नाव कुणाचं का असंना, पोरांच्या पोटात गेलं ना? आपल्याला काय निवडणूक लढवायचीय?" मलाही हसू आलं. त्या हसण्याचा आज राग येतो.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. त्या वर्षी बाईंनी ते बालवाडीतच ठेवलं, म्हणजे आयांना पोरांचे खेळही बघायला मिळतील. झाडून सगळ्या आया आल्या होत्या. बाईंच्या मोठ्या जाऊबाई खुर्चीवर बसल्या होत्या. पोरं आपापल्या चिमण्या दाखवत फिरत होती. मी आतल्या खोलीत शेवटचा पिवळा गोळा मळत होते.

जाऊबाई गणूला म्हणाल्या, "आमच्या बाईंनी काय पीठ मळलंय रं! लोणीच जणू."

गणू चार वर्षांचा. तो म्हणाला, "बाई न्हाई काय, ताई मळत्यात. बाईंचं चिकाट व्हतं."

मला ते आत ऐकू आलं. मी हातातलं काम तसंच टाकून दाराशी आले. का आले? कारण मला वाटलं, आज बाई सांगणार. मला वाटलं, त्या मला हाताला धरून पुढे आणतील. माझ्या मनात तेव्हा भीती नव्हतीच, उलट थोडी लाजच वाटत होती, कोणी कौतुक करणार असलं की वाटते तशी.

जाऊबाईंचा आवाज थंड झाला. "व्हय गं सिंधू? पोरं शेजारी बसत्यात, त्याला आमी काय म्हणत न्हाई. पण खाण्याचं येगळं असतंय. ही मळती?"

सिंधूबाई हसल्या. "अवो, पोराचं काय ऐकताय? ती भांडी घासाया असती. पिठाला मी तिला हात लावू देत न्हाई."

मी दारात उभी होते आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे होते. बोटांना कणीक चिकटलेली होती. प्रत्येक बाईनं ते हात पाहिले. जाऊबाईंनीही पाहिले. आणि मग जाऊबाई म्हणाल्या, "तेच म्हणलं," आणि सगळ्याजणी पुन्हा तिळगुळाच्या वाट्यांकडे वळल्या. त्या खोटेपणानं कोणीच फसलं नव्हतं. तो सगळ्यांच्या सोयीचा होता, एवढंच. माझ्या हातचं पोरांनी आजवर खाल्लं होतं, ते न खाल्ल्यासारखं झालं, बालवाडीही शाबूत राहिली. फक्त अस्मिता माझ्याकडे बघत होती. चिमणी तिच्या हातात तशीच होती.

बायका गेल्यावर बाई आत आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मनाला लावून घिऊ नगं. खरं बोलले असते तर उद्या निम्मी पोरं आली नसती. बालवाडी वाचली बघ."

"आन् मी?" मी विचारलं.

"तू काय परकी हायेस का? आपल्यात काय हाय ते आपल्याला ठावं हाय. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

"तुमच्या जागी मला कोण बसवणार, बाई?"

त्या मोरीत जाऊन भांडी घासायला बसल्या. मी हात धुतले, अस्मिताला घेतलं आणि निघाले. वाटेत ती म्हणाली, "आई, भांडी तर बाई घासतात ना?" शत्रूनं हे केलं असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरले असते. पण ज्या बाईनं माझा कान धरला होता, तिनंच केसानं गळा कापला होता. परत मी त्या बालवाडीत गेले नाही.

पुढे आमच्या वस्तीतल्या विहारात मी पोरांना जमवायला लागले. पीठ तिथंही मळलं, चिमण्या तिथंही झाल्या. बाई अधूनमधून भेटायच्या, आळेफाट्याला, कधी बाजारात. आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही हे बघून जवळ यायच्या. "शोभे, फळं कडक व्हत्यात गं. पोरं तुझं नाव काढत्यात."

"मग गावाला सांगा की."

"सांगीन. येळ आली की सांगीन."

मी वाट पाहिली, हेही खरं. इतकं होऊनही मी वाट पाहिली. वीसेक वर्षांनी त्या आजारी पडल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेले. त्या खूप वाळल्या होत्या. माझा हात हातात घेऊन बोटं चाचपत राहिल्या. म्हणाल्या, "ह्या हाताचं लई खाल्लं मी." तेवढ्यात जाऊबाई चहा घेऊन आल्या. बाईंनी माझा हात सोडला आणि क्षीण आवाजात ओळख करून दिली, "ही शोभा. आपल्या बालवाडीत भांड्याला व्हती." मी तो चहा तसाच ठेवून उठले.

त्या गेल्यावर दशक्रियेला नदीवर गेले. आमच्याकडे दशक्रियेला माइक लागतोच. आधी प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची भाषणं, आणि मग बालवाडीच्या पोरांच्या वतीनं एक उंच तरुण उभा राहिला. नाव सांगितलं तेव्हा ओळखला. गणू. नारायणगावला टोमॅटोचा व्यापार करतो. तो म्हणाला, "बाई स्वतःच्या हातानं पीठ मळायच्या. लोण्यासारखं. तशी वरणफळं मी पुन्हा कुठं खाल्ली नाहीत." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. जाऊबाईंनीही लावला.

मंडळी पांगायला लागली तशी मी त्याला गाठलं. त्यानं निरखून पाहिलं आणि तो पटकन वाकून माझ्या पाया पडला. मनापासून पडला, त्यात काही खोट नव्हती.

"ताई ना तुमी? बाईंच्या हाताखाली भांडी घासायच्या त्या?"

मी म्हटलं, "न्हाई रे. भांडी बाई घासायच्या. पीठ मी मळायचे. तूच सांगितलं होतंस सगळ्यांना."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी आजच्या दिवशी मन हलकं करायला थट्टा करतेय. "काय पण ताई तुमी!" म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.