धामणीच्या अंगावरचं कुंकू

फडकं उचललं तसे धामणीचे चार-पाच खवले त्याला चिकटून वर आले आणि खालचं लालभडक अंग दिसलं. धडधाकट धामण अशा वेळी हिसका मारते, शेपूट आपटते. ही नुसती पडून राहिली. ही आता वाचत नाही, असं मला वाटलं. आणि मागं उंबऱ्यात उभी राहून सासू म्हणत होती, "पुसू नगं. कुंकू हाय त्ये."

ही धामण माझ्या सासऱ्यांनी बांध उकरताना सापडलेलं पिल्लू आणून वाढवलेली. ते गेल्यावर तिला हात लावणारी घरात मी एकटी उरले. तेव्हा मी अठराएक वर्षांची असेन. दिवसा ती झाकणाच्या टोपलीत असायची, आणि दिवस कलला की मी तिला कणग्यांच्या खोलीत मोकळी सोडायची. त्या कणग्यांत भादव्यात पेरायची ज्वारी होती. लढाईचे दिवस, बाहेर दाणा मिळत नव्हता. उंदरांनी बियाणं खाल्लं असतं तर आमचं रान मोकळं पडलं असतं. देव म्हणून तिला कुणी पाळलं नव्हतं. मांजर पाळतात तशी पाळली होती, आणि मांजरापेक्षा तिचं काम चोख होतं.

वर्षभर साप दिसला की ज्यांच्या घरात काठीची शोधाशोध होते, त्याच बाया नागपंचमीला आमच्या दारात ताटं घेऊन उभ्या राहिल्या. वारूळ लांब, वाटेत चिखल, आणि इथं आयता साप. मी म्हणाले, ही धामण आहे, नाग नाही. शेजारची काकू म्हणाली, "आजच्या दिशी समदे नागच. तू चार बुकं शिकलीस म्हून देवाची जात काढाया लागलीस व्हय?" बाया हसल्या. सासूनं टोपलीचं झाकण काढलं.

नुसतं कुंकू सापाच्या अंगावर ठरत नाही, पडून जातं. मग या शहाण्यांनी काय केलं, तर आपण कपाळाला आधी मेण लावतो तसं तिच्या पाठीला जागोजाग मेण चोळलं आणि त्यावर कुंकू दाबलं. धामणीला कपाळ समजणारी माणसं मी तेवढीच पाहिली. वर दूध ओतलं. साप दूध पीत नाही. ते टोपलीत तळाच्या गोणपाटात मुरलं आणि दुसऱ्या दिवशी आंबलं. गोणपाट मी बदलायला गेले, तर सासूनं हात धरला. नैवेद्य आहे, पुनवेपर्यंत हलवायचा नाही.

तिसऱ्या दिवशी धामण भिंतीला अंग घासू लागली. पाण्याची परात ठेवली की त्यात वेटोळं करून बसायची, बाहेर यायचं नावच नाही. उंदीर पुढ्यातून गेला तरी बघेना. कणगीला खालून भोक पडलं आणि ज्वारी सांडायला लागली. सासू म्हणाली, पूजेत काही कमी पडलं, देवाचा कोप झाला. उपाय म्हणून तिनं हळद तेलात कालवून वरून आणखी थापली. आता मेण, कुंकू, हळद, सगळ्याचा एक पापुद्रा झाला.

मला कळलं ते माझ्या स्वतःच्या कपाळामुळं. त्या वर्षी मिरजगावच्या बाजारातून आणलेलं कुंकू कसलातरी बाजारी रंग मिसळलेलं होतं. घरच्या हळदीचं कुंकू असं भडक दिसत नाही. ते लावायला लागल्यापासून माझं कपाळ उठलं होतं, बारीक पुरळ, रात्रंदिवस खाज. काकूच्याही कपाळाला काळा डाग पडला होता, आणि ती तो पदराखाली झाकायची. मी धामण उजेडात नेऊन पाहिली. जिथं जिथं बोटं दाबली होती, तिथंच पाठीवर खवले उचलले होते. बाकी पाठ चांगली. आणि पोटाखाली, आंबलेल्या दुधात ती पडून होती तिथं, फोड. कोपाला एवढं नेमकं बोटांच्या जागीच कसं यायला सुचलं, ते मी सासूला विचारलं.

मी पुसायला घेतलं आणि पहिल्याच फडक्याला खवले निघून आले. कोरडं ओढलं, ही चूक माझी. मेण ओढून निघत नाही.

सासू म्हणाली, "कुंकू पुसतीस? माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस?"

"तुमच्या लेकाच्या नावाचं कुंकू धामणीला कुनी लावलं, आत्याबाई?"

"तोंड लई चालतंय."

तेवढ्यात मालक रानातून आले. आईनं त्यांना सगळं सांगितलं, रडली सुद्धा. त्यांनी आधी कणगीचं भोक बघितलं, मग धामण. "पूस," म्हणाले. "मला काय हुतंय? पेराया दाना न्हाई ऱ्हायला तर समदीच मरू."

मग मी घाई केली नाही. करडईचं तेल कोमट करून बोटानं फक्त मेणावर लावलं, ते सुटेपर्यंत थांबले, आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं टिपून काढलं. नंतर परातीत कोमट पाणी. साबण नाही, राख नाही, हळद तर नाहीच. टोपली धुऊन उन्हात टाकली आणि तिला हाऱ्यात, एका रिकाम्या मोठ्या टोपल्यात, कोरड्या वाळूवर ठेवलं, एका कडेला ओलं फडकं. रोज वाळू बदलली, रोज पाणी. सासू तेवढे दिवस माझ्या हातचं जेवली नाही. काकूच्या हातचं जेवली, त्याच कुंकवाच्या हातचं.

पंधराएक दिवसांनी धामणीचे डोळे दुधाळ झाले आणि तिनं कात टाकली. चांगल्या सापाची कात सलग निघते, हिची तुकड्यातुकड्यांनी निघाली. पाठीवर अडकलेले तुकडे मी भिजवून सुटू दिले, ओढले नाहीत. खालचं अंग कोरं होतं. त्याच संध्याकाळी तिनं कणगीमागचा उंदीर धरला.

पुढच्या नागपंचमीला बाया ताटं घेऊन आल्या, तर मी दार लावून घेतलं. बाहेरून काकू बरंच बोलली.

धामण बरी झाली त्याच सालच्या भादव्यात आमची पेरणी झाली होती. मी पुसलेल्या कुंकवानं घरात कुणी गेलं नाही. सासू जगली, मालक जगले, धामण जगली.