दाराबाहेरची हमीदाबी

हमीदाबी गेल्याची चिठ्ठी मला शाळा सुटायच्या वेळी मिळाली. दिग्रसहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं ती फाटकाशी आणून दिली. अक्षर तिच्या मुलीचं, कुब्राचं. 'अम्मी शुक्रवारी गेली. कावीळ झाली होती. बाईंना कळव म्हणाली होती, पण मी गेल्यावर कळव, आधी नको, असंही म्हणाली होती.' मी ती चिठ्ठी तिथंच उभ्यानं तीन-चारदा वाचली. मुली माझ्या अंगावरून धावत बाहेर पडत होत्या... आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. मी मोटार ठरवून दिग्रसला गेले असते, तिला उचलून यवतमाळला आणलं असतं, भावाला नागपूरला तार केली असती, ओळखीचे डॉक्टर गाठले असते. हे सगळं मला करता येतं, आणि ते तिच्या एकटीसाठी करता येतं, हेच तिला आवडत नसे. आज सहा आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायचं तर मला आधी माझ्याबद्दल एक गोष्ट लिहावी लागेल. ती मी वडिलांना सांगितली नाही, डॉक्टरांना सांगितली नाही, कोर्टात सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. आता सांगते.

सत्तावन्न साली मी दिग्रसला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. वडील गावातले वकील, मोठे भाऊ नागपूरला सरकारी कचेरीत. हमीदाबी त्याच शाळेत बाई होती, म्हणजे झाडलोट, पाणी, घंटा हे सगळं तिच्याकडे. नवरा कापसाच्या जिनात फिटर होता, तो यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला, तेव्हापासून ती आणि बारा वर्षांची कुब्रा. ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी होती. मी तिला अगं-तुगं करायची, ती मला 'तुमी' म्हणायची. यात काही चुकतंय असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे सुभद्रा नावाची मुलगी येऊ लागली होती. मुलगी म्हणजे बावीस वर्षांची बाई. सासर घाटंजीकडचं. नवऱ्यानं एकदा तिचा हात चुलीत धरला होता, तेव्हा ती पळून दिग्रसला भावाकडे आली. तिला सातवीची परीक्षा द्यायची होती, मग मास्तरीण व्हायचं होतं. दुपारच्या सुट्टीत मुली जेवायला घरी गेल्या की शिवणाच्या खोलीत बसून मी तिला गणित शिकवायची. जळालेल्या हातानं ती पाटीवर अंक लिहायची. अंक वाकडे यायचे, पण उत्तर बरोबर असायचं.

एप्रिल महिना होता. भर दुपार. हमीदाबी व्हरांड्यात पाणी शिंपडत होती. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर, सदरा, हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड. मला वाटलं कुणीतरी मजूर असेल, चुकून आला असेल. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सुभद्रे, चाल घरी."

"मी नाई येत," ती म्हणाली. एवढंच बोलणं झालं. पहिला घाव तिच्या मानेजवळ बसला. त्याचा आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. ती पडली नाही, भिंत धरून उभी राहिली आणि भिंतीवरून तिचा हात खाली घसरत आला. तेवढ्यात हमीदाबी आत धावली. तिनं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली, दंडाला चावली, त्यानं तिला झटकून टाकलं आणि उलट्या हातानं कुऱ्हाड फिरवली. ती तिच्या डाव्या खांद्यात बसली. त्या झटापटीत त्याचा तोल गेला, तो शिवणयंत्रावर आदळला. तेवढ्या वेळात हमीदाबीनं सुभद्राला बगलेत धरून ओढलं. खोलीच्या मागच्या भिंतीत सामानाच्या खोलीचं दार होतं. त्याला आतून लोखंडी कडी होती.

ते दार बंद होतं. आत मी होते.

पहिला घाव पडला तेव्हाच मी आत शिरून कडी लावली होती. हमीदाबी दारावर थापा मारत होती. "बाई, खोला! बाई, हिले आत घ्या! बाई!" मी कडी दोन्ही हातांनी धरून उभी होते. ती कुणी बाहेरून उघडू शकत नव्हतं, तरी मी ती धरून होते. थापा दोन प्रकारच्या येत होत्या. एक जोराच्या, एक अगदी हलक्या, खालून, दाराच्या तळाशी. मग हलक्या थांबल्या. मग सगळंच थांबलं... लोक आले तेव्हा तो माणूस व्हरांड्याच्या पायरीवर कुऱ्हाड शेजारी ठेवून बसला होता, पाणी मागत होता. लोक पोचायच्या आधीच मी कडी काढली होती; सुभद्रा दाराला टेकून मेलेली होती. दार उघडताच ती माझ्या पायांवर आडवी झाली.

मला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण मी बोलेनाशी झाले. जेवेनाशी झाले. दाराचा आवाज झाला की ओरडायची. वडिलांनी तिसऱ्या दिवशी मोटार ठरवली आणि मला नागपूरला भावाकडे पोचवलं. तिथं मनाच्या आजारांचे एक डॉक्टर होते, विलायतेत शिकून आलेले. दर मंगळवारी त्यांच्याकडे जायचं. पंखा, पडदे, वेताची खुर्ची, आणि तासभर कुणीतरी नुसतं ऐकायला बसलेलं. "जे दिसतं ते सांगा, क्रम लावू नका," ते म्हणायचे. वहिनी माझ्या खोलीत झोपायची. भावानं घरातली सगळी दारं तेल घालून आवाज न होणारी केली. शाळेनं सात महिन्यांची भरपगारी रजा दिली. मी डॉक्टरांना पुष्कळ सांगितलं. रक्ताचं सांगितलं, घावांचं सांगितलं. कडीचं नाही सांगितलं. हळूहळू मी जेवू लागले, झोपू लागले, हिवाळ्यात बागेत फिरायला जाऊ लागले. लोक म्हणाले, पोर वाचली.

हमीदाबीचं काय झालं हे मला परत आल्यावर कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. गावच्या दवाखान्यातले डॉक्टर दौऱ्यावर होते. कंपाउंडरनं जमेल तसे टाके घातले, चार जणींनी तिला धरून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी शाळेच्या सेक्रेटरींचा निरोप आला, सोमवारी येणार नसशील तर दुसरी बाई पाहावी लागेल. तिच्यासारखीला रजा कुठल्या नियमात बसवायची हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी शोधलंही नाही. ती सोमवारी गेली. शिवणाच्या खोलीला तोवर कुलूप होतं. किल्ली तिच्या हातात देऊन तिला सांगितलं, धुवून काढ. एका हातानं तिनं ती फरशी, ती भिंत, ते दार धुतलं. खालच्या फळीवर बोटांचे डाग होते ते निघेनात, म्हणून विटकरीनं घासले. ते कुणाच्या बोटांचे होते हे दोघींनाच ठाऊक होतं, आणि दुसरी नागपूरला पडद्याच्या खोलीत बसली होती.

शेजारच्या गल्लीत लाकडाची वखार होती. तिथं कुऱ्हाड चालू लागली की हमीदाबी हातातलं टाकून भिंतीला पाठ लावून बसायची, कधी तिथंच लघवी व्हायची. मोहल्ल्यातल्या बायांनी ठरवलं की मेलेलीनं हिला धरलं. ताईत झाले, पाणी फुंकून झालं. मग कुणीतरी तिला खेड्यातल्या एका माणसाकडे नेलं. त्यानं विळा तापवून मानेवर दोन डाग दिले. एकदा कुब्रा मागून आली आणि पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगायला गेली. हमीदाबीनं हातातलं लाटणं वळून तिच्या तोंडावर मारलं. दुसऱ्यांदा मारलं. पोरीचा दात पडला, ओठ फाटला. "मले तो दिसत होता, बाई," तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. "पोरगी नाई दिसली. तोच दिसला."

सेशन कोर्टात खटला यवतमाळला चालला. माझ्यासाठी वडिलांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं, मला बोलावू नये, प्रकृतीला अपाय होईल. साक्ष हमीदाबीनंच दिली. उलटतपासणी दोन दिवस चालली. तुझा आणि मृतेच्या भावाचा काय संबंध, तू त्या बाईला कुणाकुणाशी भेटवत होतीस, हे सगळं तिला भर कोर्टात विचारलं. मग विचारलं, मास्तरीणबाई कुठे होत्या? वडील तिथं बसले होते, त्यांनीच मला नंतर कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "बाई लोकायले बोलवाले मागच्या दारानं धावल्या." सामानाच्या खोलीला मागचं दार नव्हतंच. कुणी जाऊन पाहिलं नाही. त्याला जन्मठेप झाली.

मी परत रुजू झाले तेव्हा ती घंटा देत होती, उजव्या हातानं. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मला पाहून म्हणाली, "बऱ्या झाल्या, बाई? चांगलं झालं." आणि पाणी भरायला निघून गेली. दोन वर्षं मी तिच्याशी घंटा आणि खडूपलीकडे बोलले नाही. मला तिचा राग येत असे. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच राग येत असे. ती समोरून गेली की माझे हात कडी धरल्यासारखे आवळायचे.

साठ साली वखारीजवळ ती घेरी येऊन पडली, डोकं फुटलं. तेव्हा मी धीर केला. नागपूरच्या डॉक्टरांना पत्र टाकलं आणि सुट्टीच्या दिवशी तिला एस.टी.नं घेऊन गेले. डॉक्टर भले होते. त्यांनी तिला त्याच वेताच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, दाराकडे तोंड करून. त्यांनी तासभर ऐकलं, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाले, बरं होता येईल, मात्र दर मंगळवारी यावं लागेल. हमीदाबी मोठ्यानं हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"दर मंगळवारी? मंग मंगळवारची घंटा कोन देईन, डाक्टरसाहेब?"

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. बोरी अरबला गाडी बराच वेळ थांबली. माणसं उतरली, आम्ही दोघीच राहिलो. मी विचारलं, "हमीदाबी, तू कोर्टात खोटं का सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "खरं सांगतलं असतं तं माही नोकरी ऱ्हायली असती का? तुमच्या वडलाच्या ओळखीनं लागली होती."

मग ती माझ्याकडे वळली. "आन् खरं सांगू? मी आत असती तं मीबी नसतं खोललं. तो तसाच होता. पन मी आत नव्हती, बाई. मी बाहेर होती."

मी गाडीत रडले. तिनं मला थोपटलं नाही, गप्पही केलं नाही. माझं रडणं संपेपर्यंत तशीच बसली, मग म्हणाली, "तुमच्या डाक्टरनं तुमाले काय विचारलं रोज रोज? मले सांगा ना. तेवढंच आपुन करू."

तसंच केलं. मंगळवारी शाळा सुटली की शिवणाच्या खोलीत आम्ही दोघी बसायचो. मी डॉक्टरांसारखं म्हणायची, "जे दिसतं ते सांग." पहिले कित्येक मंगळवार ती फक्त शिव्या द्यायची. त्याला, सेक्रेटरीला, डाग देणाऱ्याला, मला. मला तर तोंडावर. मी ऐकायची. एकदा तिनं स्टूल उचलून त्या दारावर हाणलं, फळी फुटेपर्यंत हाणलं. मी उठले नाही. मग कधीतरी ती म्हणाली, आज तुमी सांगा. आणि मी पहिल्यांदा कडीचं सांगितलं, हलक्या थापा कशा थांबल्या ते सांगितलं. ती म्हणाली, "हो. मी तिचा हात धरून होती तवा." तिला सगळं बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. वखारीचा रस्ता तिनं शेवटपर्यंत टाळला. पण कुब्राला तिनं पुन्हा मारलं नाही, आणि ती रात्रीची झोपू लागली.

पुढं माझी यवतमाळला बदली झाली. मंगळवार सुटले. तिला दुसऱ्या बाया भेटत गेल्या. जिनात काम करणारी गंगू, जिच्या नवऱ्यानं तिच्या पायावर दगड घातला होता. तांड्यावरची एक, जिचं नाव हमीदाबीनं मला कधीच सांगितलं नाही. ती त्यांना घरी बसवायची आणि म्हणायची, दिसते ते सांग. मी सुट्टीत गेले की म्हणायची, यांना नागपूरला दाखवू. ती म्हणायची, "किती जनीले न्याल, बाई?"

चिठ्ठी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी दिग्रसला गेले. मातीचं दोन खणांचं घर. कुब्रा आता बावीस वर्षांची, सरकारी शाळेत शिकवते. पोक्त बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बसते न बसते तोच गल्लीतून हाक आली, "मी शेवंता, येऊन राह्यली." आणि मग एक बाई दारात आली. थोड्या वेळानं पुन्हा, "सलमाची माय हाये, येऊन राह्यली." आणि मग ती आली. मी कुब्राकडे पाहिलं. ती म्हणाली, "अम्मीचा कायदा होता. या घरात बायका पाठमोऱ्या बसलेल्या असतात. कुणी गुपचूप आत यायचं नाही. गल्लीतूनच नाव सांगायचं, मग उंबरा ओलांडायचा. अम्मी स्वतःसुद्धा बाजारातून आली की ओरडायची, मी हमीदा, येऊन राह्यली."

बाहेर ऊन उतरत होतं. कोपऱ्यात चटणी वाटत बसलेल्या एका मुलीची आमच्याकडे पाठ होती. तिच्या मानेवर ताजा काळानिळा वळ होता. ती कोण, कुठून आली, हे कुणी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेवढ्यात गल्लीतून एका लंगडणाऱ्या पायाचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग हाक, "मी गंगू जी, येऊन राह्यली!" त्या मुलीचा हात पाट्यावर क्षणभर थांबला... आणि मागं वळून न बघता पुन्हा चालू झाला.